जमाखर्चातला चौथा रकाना
केडगावच्या पंडिता रमाबाई मुक्ती मिशनची वाटचाल, पैशाच्या बाजूने पाहिलेली

स्मरणिकेत संस्थेचा इतिहास लिहिण्याची एक ठरलेली रीत आहे. आधी संस्थापकांचा त्याग येतो, मग भाड्याच्या जागेतले पहिले दिवस, मग इमारतीची पायाभरणी, आणि शेवटी देणगीदारांची यादी. यादीला तीन रकाने असतात: नाव, रक्कम, तारीख. चौथा रकाना कोणी छापत नाही. तो पैसा कोणत्या अटीवर आला हे त्यात लिहिलेले असायला हवे. अट दर वेळी कागदावर असतेच असे नाही; पुष्कळदा ती देणाऱ्याच्या अपेक्षेत असते आणि घेणाऱ्याच्या संकोचात असते. तरी संस्थेचा स्वभाव त्यागाने घडतो तितकाच या न छापलेल्या रकान्याने घडतो, असे माझे म्हणणे आहे. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन हे या म्हणण्याची कसोटी घ्यायला मराठी मुलखातले सर्वांत चांगले उदाहरण आहे. एकाच बाईंनी, एकाच हेतूने, अवघ्या दहा-बारा वर्षांत तीन वेगवेगळ्या जातींच्या पैशावर ही संस्था चालवली, आणि पैशाची जात बदलली तशी संस्था बदलत गेली.

इंदूरच्या वाचकाला, त्यातही पोलोग्राउंडसारख्या कारखान्यांच्या वस्तीत ज्यांचे दिवस ताळेबंद वाचण्यात जातात त्यांना, यात नवल वाटू नये. कारखाना कशावर चालतो हे त्याच्या पाटीवरून कळत नाही. मालकाचे भांडवल किती, बँकेचे किती आणि उधारीवरचे किती, यावरून कळते. धर्मादाय संस्थेलाही हाच न्याय लावला पाहिजे. पण तिथे आपण दोन टोकांना जातो. संस्था आपल्या माणसांची असेल तर हिशेब विचारणे हा अपमान वाटतो, आणि ख्रिस्ती असेल तर हिशेब न पाहताच निकाल लागलेला असतो. या लेखात दोन्ही टोके टाळून चौथा रकाना भरून पाहायचा आहे.

पहिला पैसा: एका पुस्तकाचा आणि एका डॉलरचा

पंडिता रमाबाईंच्या कामाचे पहिले भांडवल त्यांच्या लेखणीतून आले. १८८२ साली लिहिलेल्या 'स्त्रीधर्मनीति' या मराठी पुस्तकाच्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाचा खर्च निघाला. १८८३ साली त्या गेल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या, आणि पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे इंग्रजी पुस्तक निघाले. उच्चवर्णीय विधवेच्या स्थितीवरचे हे पुस्तक एकाच वेळी अभ्यास होता आणि आवाहनही होते. त्याच्या जोरावर १८८७ च्या डिसेंबरात बोस्टनला अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मगुरू होते आणि उपाध्यक्षांत मद्यपानबंदीच्या चळवळीतल्या फ्रान्सिस विलर्ड होत्या. गावोगावी 'रमाबाई सर्कल' नावाची मंडळे निघाली. सभासदाने दरसाल एक डॉलर द्यायचा आणि तो दहा वर्षे देत राहायचा, अशी ही बांधिलकी होती.

या व्यवस्थेचे बारकावे पाहण्यासारखे आहेत. एक डॉलर ही रक्कम लहान होती, त्यामुळे एखाद्या बड्या देणगीदाराचा वरचष्मा नव्हता. दहा वर्षांची मुदत ठरलेली होती, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी बांधता येत होता; दर पावसाळ्याआधी झोळी घेऊन निघायची गरज नव्हती. आणि अट स्पष्ट होती: शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, कोणावर कोणत्याही पंथाची सक्ती होणार नाही. देणारे बहुतेक उदारमतवादी ख्रिस्ती होते, आणि हिंदू विधवा शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहावी, एवढीच त्यांची मागणी होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले ते या अटीवर. त्याच्या सल्लागार मंडळींत न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, न्यायमूर्ती तेलंग ही माणसे बसू शकली तीही या अटीमुळेच. ब्राह्मण मुलींच्या सोवळ्या-ओवळ्याची, वेगळ्या स्वयंपाकाची सोय सदनात होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. १८९० च्या अखेरीस सदन पुण्याला हलले.

चौथ्या रकान्यात मात्र याच वेळी आणखी एक अट बसलेली होती, आणि ती कोणी फारशी बोलून दाखवत नसे. पैसा उच्चवर्णीय विधवेच्या नावाने गोळा झाला होता. पुस्तकाचे नावच तसे होते. म्हणजे तटस्थता होती ती धर्माच्या बाबतीत. जातीच्या बाबतीत हा पैसा तटस्थ नव्हता. सदनाची बांधणी, तिथल्या चुली, तिथले सल्लागार, सगळे त्या एका थराला जपून केलेले होते. कोणाचा हेतू वाईट होता असा याचा अर्थ नाही. बालविधवेचे केशवपन आणि आयुष्यभराची कोंडी हा त्या थराचाच प्रश्न होता. पण ज्या दुःखाचे वर्णन करून पैसा आणला जातो, ते दुःख सोडून दुसरीकडे तो वळवणे अवघड असते, ही गोष्ट इथे पहिल्यांदा दिसते.

१८९३ चा तडा

१८९३ साली हा डोलारा हलला. सदनातल्या काही मुली रमाबाईंच्या खाजगी प्रार्थनेला बसतात, काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला आहे, असा बोभाटा झाला. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि ऑगस्टमध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागारांनी राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे असे होते, की मी कोणाला बोलावले नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दार लावूनही घेणार नाही. सल्लागारांना वाटत होते, की एवढ्या लहान मुलींच्या घरात उघडे दार हेच आमंत्रण ठरते. दोन्ही बाजूंत तथ्य होते. शिक्षिकेच्या धर्माचा पगडा मुलींवर पडणारच, हे भांडारकरांसारख्या विद्वानाला कोणी सांगायला नको होते. आणि अन्नवस्त्र देणाऱ्या बाईने स्वतःच्या घरात स्वतःचा देव लपवून ठेवावा ही अपेक्षाही फार काळ टिकणारी नव्हती.

आता पहिला आक्षेप इथेच घेतला जातो: परदेशातला पैसा धर्मांतरासाठीच आला होता, तो त्याच्या मार्गाने गेला, यात आश्चर्य कसले? शारदा सदनापुरते हे विधान पुराव्याशी जुळत नाही. त्या वेळचा अमेरिकन पैसा तटस्थतेच्या अटीवर आला होता. सदन उघडपणे ख्रिस्ती व्हावे असा बोस्टनचा आग्रह असता, तर त्यासाठी वेगळी मिशनरी मंडळे हवी तितकी होती. रानड्यांना सल्लागार नेमण्याचा खटाटोप करण्याचे कारण नव्हते. ताण निर्माण झाला तो देणारे आणि संस्थाचालक यांच्या श्रद्धेतल्या अंतरातून. देणाऱ्यांपेक्षा चालवणाऱ्या बाईंची ख्रिस्तनिष्ठा अधिक कडवी होती. म्हणजे त्या काळात परकीय पैशाने धर्मप्रसाराला लगाम घातला होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला जास्त धरून आहे. पुढे चित्र पालटले हे खरे, पण ते का पालटले हे कळण्यासाठी दुष्काळाकडे वळावे लागते.

दुष्काळ: जातीची अट गेली, धर्माची आली

रमाबाईंना भुकेची ओळख पुस्तकातून झालेली नव्हती. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेली होती. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या, सरकारी मदतकेंद्रे आणि अनाथगृहे पाहिली, आणि मुली व तरुण विधवा घेऊन परतल्या. त्यांची संख्या तीनशेच्या घरात गेली. पुण्यात त्याच सुमारास प्लेगचा अंमल होता. शहरात एवढी माणसे ठेवायला बंदी आली. तेव्हा केडगावची जमीन कामाला आली. पुण्याहून पूर्वेकडे रेल्वेच्या मार्गावर, सुमारे शंभर एकरांची ही जागा आधीच घेतलेली होती. हेतू असा, की दहा वर्षांची अमेरिकन मदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालावे. तंबू आणि झोपड्या उभ्या राहिल्या, विहिरी खोदल्या गेल्या, आणि १८९८ साली मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली.

त्यानंतर आला १८९९-१९०० चा दुष्काळ, विक्रम संवत १९५६ चा म्हणून 'छप्पनिया'. माळव्यात हे नाव वेगळे सांगायला नको. सुकाळाचा मुलूख म्हणून मारवाडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या जिथे आसऱ्याला येत, त्या माळव्यालाच या खेपेस झळ लागली. रमाबाईंनी सहकारी पाठवले ते गुजरात-काठेवाडकडे. वर्षभरात मुक्तीतल्या माणसांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. कुणबी, कोळी, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या, कोणत्याही घरच्या मुली एकाच आवारात आल्या. शारदा सदनाच्या वेगळ्या चुलींना या गर्दीत काही अर्थ उरला नाही. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन, वृद्ध-अपंगांसाठी प्रीती सदन, मुलग्यांसाठी सदानंद सदन, अंधांसाठी आणखी एक सदन, असा पसारा वाढत गेला.

खर्चाचा अंदाज साध्या तोंडी हिशेबाने येतो. माणशी दिवसाला अर्धा शेर धान्य धरले तरी दोन हजार जणांना रोज हजार शेर, म्हणजे पंचवीस मण धान्य लागते; वर्षाला नऊ हजार मणांहून जास्त. त्यात कपडे, औषधे, सरपण, छप्पर हे काहीच धरलेले नाही, आणि हे धान्य विकत घ्यायचे ते दुष्काळातल्या भावाने. दरसाल डॉलर-डॉलर देणाऱ्या मंडळांच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती. शिवाय १८९८ साली त्यांची दहा वर्षांची मुदतही संपली. रमाबाई त्या वर्षी पुन्हा अमेरिकेला गेल्या. जुन्या असोसिएशनच्या जागी नवे आले, पण आता ठरीव मुदतीची हमी नव्हती आणि धार्मिक तटस्थतेचे बंधनही उरले नव्हते. पोकळी भरून काढली ती अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलियातल्या श्रद्धाळू, सुवार्तावादी ख्रिस्ती माणसांनी. भुकेल्या मुलीच्या पोटाबरोबर तिच्या आत्म्याचीही काळजी वाटणारी ही माणसे होती. मुक्ती उघडपणे ख्रिस्ती झाली, बाप्तिस्मे मोठ्या संख्येने झाले.

माझ्या मते या संस्थेच्या इतिहासातले हेच सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, आणि दोन्ही पक्षांचे लोक त्याचा अर्धाच भाग सांगतात. चाहते सांगतात, जातीची अट गेली. टीकाकार सांगतात, धर्माची अट आली. चौथ्या रकान्यात या दोन्ही नोंदी एकाच ओळीत आहेत. तटस्थ पैसा उच्चवर्णीयांपुरता होता. सर्वांना आत घेणारा पैसा तटस्थ नव्हता. त्या काळच्या महाराष्ट्रात जात आणि धर्म दोन्हींच्या बाबतीत अट न घालणारा पैसा दोन हजार माणसे पोसण्याइतका कोणाकडे होता का? सुधारकांकडे नव्हता. संस्थानिकांकडे आणि शेठसावकारांकडे होता, पण तो या कामाकडे वळला नाही. या उणिवेचा दोष एकट्या रमाबाईंच्या खात्यावर टाकता येत नाही.

तरी आक्षेपाचा कठीण भाग उरतोच. उपाशी मुलीने जेऊ घालणाऱ्याचा धर्म स्वीकारला, तर ती निवड म्हणायची का? सक्ती नव्हती एवढे सांगून यातून सुटका होत नाही. जिला परत जायला घर नाही, तिचा होकार आणि नकार सारख्या वजनाचे नसतात. मुक्तीच्या बाजूने इतकेच म्हणता येते, की दुसऱ्या बाजूलाही त्या मुलीपुढे पर्याय ठेवणारे कोणी उभे नव्हते. तिला टाकून देणाऱ्या गावानेही तिला विचारलेले नव्हते. हे उत्तर पुरेसे आहे असे मी म्हणत नाही. ते अपुरे आहे म्हणूनच मदतीच्या पैशाला कोणती अट चिकटली आहे हे उघड लिहिले पाहिजे.

'मागायचे नाही' या धोरणाचा हिशेब

मुक्तीच्या अर्थव्यवहाराला श्रद्धेवर चालणारा व्यवहार म्हणतात. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलर यांनी हजारो अनाथ मुले कोणाकडे हात न पसरता, केवळ प्रार्थनेच्या भरवशावर पोसली, ही हकिगत रमाबाईंनी वाचली होती आणि तिचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला होता. ठरीव वर्गणीची हमी संपली तेव्हा त्यांनी हा मार्ग पत्करला. यावर व्यवहारी माणसाचा आक्षेप ठरलेला आहे: दोन हजार माणसांची जबाबदारी घेऊन उद्याच्या धान्याची तजवीज देवावर सोडणे हा बेजबाबदारपणा आहे.

कारभार जवळून पाहिला तर हा आक्षेप निम्मा गळून पडतो. श्रद्धा होती ती पैसा येण्याच्या बाबतीत. खर्चाच्या बाबतीत रमाबाई पक्क्या व्यवहारी होत्या. दुष्काळ दारात येण्यापूर्वी जमीन घेतलेली, विहिरी खणलेल्या, शेती, फळबाग, गोठा, माग, तेलघाणा, धुलाई, छापखाना असा एकेक विभाग उभा केलेला, हे काही उद्याची चिंता सोडून दिलेल्या बाईचे काम नव्हे. आक्षेपाचा उरलेला निम्मा भाग मात्र मला वेगळ्या कारणाने खरा वाटतो. 'आम्ही कोणाकडे मागत नाही' हे धोरण दिसते तितके निरपेक्ष नसते. संस्थेचे अहवाल आणि 'मुक्ती प्रेअर बेल' हे नियतकालिक परदेशी वाचकांपर्यंत जात होते. गरज काय आहे हे त्यात कळत होते. गरज सांगणे हेही मागणेच आहे, फक्त ते सभ्य आवाजातले आहे. आणि ज्याला प्रार्थनेचे उत्तर म्हणून पैसा पाठवायचा आहे, तो प्रार्थनेचे फळ वाचायला उत्सुक असतो. १९०५ च्या जूनमध्ये मुक्तीत जे आध्यात्मिक जागरण झाले, त्याची ख्याती जगभर पसरली. पण विहीर किती फूट खोल गेली याची बातमी तितकी पसरली नाही. न मागणाऱ्या संस्थेलाही देणाऱ्याच्या आवडीची बातमी द्यावी लागते. अट अशी हळूच आत येते.

परदेशी ख्रिस्ती मदतीतला एक प्रकार या बाबतीत तुलनेला घेण्यासारखा आहे. १९०० साली न्यू यॉर्कच्या 'ख्रिश्चन हेरल्ड' या साप्ताहिकाने वाचकांकडून गोळा केलेल्या मदतीतून 'क्विटो' नावाच्या जहाजाने मुंबईला मका पाठवला. त्याच्या वाटपाच्या कामात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांचा मोठा वाटा होता. धान्य आले, वाटले गेले, काम संपले. आणीबाणीचा पैसा असा असतो: त्याला सुरुवात असते, शेवट असतो, आणि पावती फाडता येते. पण दुष्काळ संपल्यावर मुलगी संपत नाही. तिला पुढची दहा, वीस, चाळीस वर्षे जगायचे असते. मुक्तीने पत्करलेला भार हा दुसऱ्या प्रकारचा होता, आणि दुसऱ्या प्रकारचा भार उचलणाऱ्या संस्थेला पहिल्या प्रकारच्या पैशावर जगता येत नाही. दुष्काळाच्या वर्षी ओघाने आलेली मदत दुष्काळ ओसरल्यावर आटते, माणसे तितकीच राहतात. आजही पूर-भूकंपाच्या नावाने उभ्या राहिलेल्या संस्था तिसऱ्या वर्षी ज्या अडचणीत सापडतात, तिचे मूळ हेच आहे.

इंदूर आणि केडगाव

इंदुरात ख्रिस्ती सेवाकार्य मुक्तीपेक्षा जुने आहे. कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे मिशन १८७७ साली इथे आले. १८८४ मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी आणि दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर आल्या. १८९१ साली स्त्रियांचे रुग्णालय उघडले. १८८७ चे इंदूर ख्रिश्चन कॉलेज तर आजही शहराच्या रोजच्या बोलण्यातले नाव आहे. स्त्रियांमधल्या या कामाचा पैसा टोरोंटोत १८७६ साली स्थापन झालेल्या महिला मंडळाकडून येत होता, आणि तोही बायकांनी थोडा थोडा जमवलेलाच होता. पण पैसा कशावर खर्च व्हावा, कोणाला नेमावे, कोणते केंद्र चालू ठेवावे हे ठरवणारे मंडळ कॅनडात होते.

केडगावचा फरक इथे आहे. पैसा परदेशी, पण तिजोरीची किल्ली एका मराठी बोलणाऱ्या विधवेच्या कमरेला होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी मंडळाच्या नोकरीत न राहता, त्यांच्या पगारपत्रकावर नाव न घालता, हजारो माणसांची संस्था स्वतःच्या अखत्यारीत चालवणारी दुसरी हिंदी ख्रिस्ती स्त्री दाखवणे कठीण आहे. परकीय पगाराचा सल मराठी ख्रिस्ती मनाला पुढेही बोचत राहिला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापला, तो याच जाणिवेतून. टिळकांनी पगार सोडून जे मिळवले, ते रमाबाईंनी पगार कधी न घेता आधीच मिळवलेले होते. म्हणून 'परकीय पैसा म्हणजे परकीय सत्ता' हे समीकरण त्यांच्या हयातीत तरी मुक्तीला लागू पडत नाही. अटी होत्या, हुकूम नव्हते.

देशी पैसा तरी बिनअटीचा होता का, हेही पाहावे. कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी दारोदार फिरून चार-आठ आण्यांच्या वर्गण्या जमवल्या. त्या पैशाची न बोललेली अट अशी होती, की आश्रम हिंदू गृहस्थाला शंका येईल असे काही करणार नाही. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी महिला विद्यापीठाला पंधरा लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे नाव लागले. विठ्ठल रामजी शिंद्यांच्या अस्पृश्योद्धाराच्या कामाला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी हात दिला आणि पुण्यात अहल्याश्रम उभा राहिला. तिथेही देणाऱ्या घराण्याची पुण्याई इमारतीच्या नावात आहे. या देणग्यांचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. नावाची अट धर्माच्या अटीपेक्षा पुष्कळ हलकी आहे, हेही मान्य. पण अट फक्त परक्यांच्या पैशाला असते आणि आपल्या पैशाला नसते, हा समज सोडून दिलेला बरा.

तिसरा पैसा: हातांचा

वर्गणीचा पैसा आणि श्रद्धेचा पैसा झाला. तिसरा पैसा संस्थेतल्या स्त्रियांच्या श्रमाचा. मागावर कापड निघत होते, घाण्यावर तेल निघत होते, गोठ्यात दूध होते, शेतात भाजी होती. छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवत आणि छपाई करत. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर याच छापखान्यात छापले गेले, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ साली ते पूर्ण स्वरूपात बाहेर पडले. यावर दोन उलट दिशांनी आक्षेप येतात. एक म्हणतो, आश्रित स्त्रियांकडून फुकट काम करून घेतले. दुसरा म्हणतो, इतके उद्योग असूनही संस्था स्वावलंबी झाली नाही, मग त्यांचा उपयोग काय?

दोन्ही आक्षेप या श्रमाकडे कारखान्याच्या नजरेने पाहतात. मुक्तीतल्या मालाला मुख्य गिऱ्हाईक मुक्तीच होती. त्या उद्योगांनी नफा कमावण्यापेक्षा खर्च वाचवला, आणि वाचलेल्या खर्चाचा लाभ श्रम करणाऱ्यांच्याच ताटात पडला. दोन हजार तोंडांचे धान्य मागावरच्या कापडाने भागणार नव्हते. तशी अपेक्षा ठेवणेच चूक होते. पण बाहेरून आणायच्या वस्तू जितक्या कमी, तितका देणगीदाराच्या मर्जीचा पट्टा सैल, हे रमाबाईंनी ओळखले होते. शिवाय खिळे जुळवायला शिकलेली मुलगी संस्थेबाहेरही पोट भरू शकते. प्रीती सदनातली म्हातारी नाही. कौशल्य हा असा पैसा आहे, की तो घेऊन माणूस निघून जाऊ शकतो. चौथ्या रकान्यात ज्याच्यापुढे काहीच लिहावे लागत नाही, असा संस्थेतला हा एकच पैसा होता. केडगावची जमीन आणि तिथल्या बायकांचे हात, ही मुक्तीची खरी गंगाजळी होती.

उत्तराधिकाराच्या बाबतीत मात्र नशिबाने साथ दिली नाही. वारस म्हणून तयार झालेल्या त्यांच्या कन्या मनोरमाबाई जुलै १९२१ मध्ये गेल्या, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. किल्ली एका कमरेला बांधलेली असण्यातला धोका तेव्हा दिसला. ज्या व्यक्तीमुळे परकीय पैसा परकीय सत्ता बनला नाही, ती व्यक्ती नसताना तोल कोण सांभाळणार, याची घडी तिच्या हयातीत बसली नव्हती. परदेशी सहकाऱ्यांनी आणि देशोदेशीच्या समर्थक मंडळांनी संस्था सावरली, टिकवली. निराधार स्त्रिया आणि मुलांचे काम केडगावात आजही चालू आहे. पण संस्थापकाचे तेज हे स्थावर मालमत्तेत धरता येत नाही. ते घसाऱ्याशिवाय एका दिवसात शून्य होते.

आजचा रकाना

हा चौथा रकाना आता सरकारही भरून मागते. परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ साली आला, २०१० साली नव्याने झाला, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशातून येणारी प्रत्येक देणगी आधी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेच्या खात्यातच जमा करावी लागते; प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आली; एका संस्थेने दुसरीला असा पैसा देण्यावर बंदी आली. पैसा कोठून आला आणि कशावर गेला हे उघड असावे, याला विरोध करण्याचे कारण नाही. पण वीस टक्क्यांचा नियम धान्य वाटणाऱ्या संस्थेला जसा सहज पाळता येतो, तसा माणसे सांभाळणाऱ्या संस्थेला पाळता येतोच असे नाही. कपडे आणि तांदूळ यांना खर्च म्हणतात. रात्री जागणारी सेविका, हिशेबनीस, समुपदेशक यांचे पगार कोठे धरायचे यावर वाद होतो. 'क्विटो' जहाजाचा हिशेब या नियमात नीट बसला असता. मुक्तीचा बसवताना ओढाताण झाली असती.

म्हणून संस्थांच्या स्मरणिकांकडून माझी मागणी छोटी आहे. देणगीदारांच्या यादीत आणखी एक रकाना आखावा आणि त्यात लिहावे: नाव लावण्याची अट, अमुक जातीसाठी, अमुक धर्मासाठी, अमुक मुदतीपर्यंत, इमारतीसाठीच, पगारासाठी नाही. जिथे अट नसेल तिथे रेघ ओढावी. काही देणगीदारांना हे आवडणार नाही, आणि काही संस्थांना यादी छापतानाच कळेल, की आपल्याकडे रेघ ओढण्याजोगी नोंद जवळपास नाही. मुक्तीने आपला रकाना भरला, तर त्यात १८८९ पुढे 'धर्म तटस्थ, उच्चवर्णीय' असे येईल, १९०० पुढे 'जात नाही, ख्रिस्ती' असे येईल, आणि शंभर एकर जमिनीपुढे व छापखान्यातल्या खिळ्यांपुढे रेघ येईल. त्या दोन रेघांच्या आधाराने एका विधवेने तेहतीस वर्षे परक्याचा पैसा स्वतःच्या मताने खर्च केला. बाकीच्या नोंदींबद्दल तिच्याशी भांडायचे असेल त्याने आधी आपल्या संस्थेच्या वहीत अशा रेघा किती आहेत ते मोजावे.